पीसीपी रायफलमध्ये हवा भरायची कशानं? हातपंप, सिलिंडर आणि कॉम्प्रेसरचा हिशेब

एअर रायफल निवडायला माणूस महिना-महिना घालवतो आणि तिच्यात हवा भरायचं साधन मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकतो. मग पंप मारून मारून दंड भरून येतात, किंवा सिलिंडर निम्म्याहून जास्त भरलेलं असूनही रायफल पूर्ण भरत नाही, आणि दोष रायफलीला दिला जातो. खरं तर हा सगळा हिशेब खरेदीआधी कागदावर करता येतो. त्याला गुणाकार-भागाकाराच्या पुढचं गणित लागत नाही.

पीसीपी म्हणजे 'प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक': जिच्या टाकीत हवा आधीच दाबून भरून ठेवलेली असते अशी रायफल. चाप ओढला की एक छोटा हातोडा झडपेवर आपटतो, झडप क्षणभर उघडते, मोजकी हवा सुटते आणि छर्रा बाहेर पडतो. प्रत्येक नेमाला टाकीतला दाब थोडा उतरतो. ठरावीक नेम झाले की टाकी पुन्हा भरावी लागते, आणि ती कशानं भरायची हा आपला प्रश्न.

## २०० बार म्हणजे नेमकं किती?

दाब मोजायचं माप बार. एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचाच दाब. मोटारीच्या चाकात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. पीसीपी रायफल भरते २०० बारला, काही २५० ला, काही ३०० ला. गेजवर पीएसआय लिहिलं असेल तर १ बारचे १४.५ पीएसआय धरा. २०० बार म्हणजे २,९०० आणि ३०० बार म्हणजे ४,३५०.

२०० बारला एक चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे २०० किलोचा रेटा असतो. हा आकडा डोक्यात राहिला की पुढचे सावधगिरीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

चाकात हवा भरायचा पंप किंवा गॅरेजमधला मोठा कॉम्प्रेसर का चालत नाही, हेही इथेच कळतं. गॅरेजचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत जातो. तो कितीही मोठा असो आणि दिवसभर चालू ठेवा, दहाच्या पुढे सरकणार नाही. हवा भरपूर असणं वेगळं आणि दाब असणं वेगळं.

## आधी रायफलची टाकी मोजा

रायफलच्या माहितीपुस्तिकेत दोन आकडे शोधा: टाकी किती सीसीची आहे आणि कमाल दाब किती. तिसरा आकडा वापरातून कळतो, तो म्हणजे किती दाबाला आल्यावर तुम्ही ती पुन्हा भरता. रायफल शून्यापर्यंत कोणी रिकामी करत नाही. दाब फार उतरला की छर्रे खाली पडू लागतात, त्याआधीच ती भरायची असते.

मग सूत्र सोपं आहे. टाकीचे लिटर गुणिले दाबातला फरक, म्हणजे एका भरणीला लागणारी मोकळी, म्हणजे बाहेरच्या साध्या दाबाची हवा.

पहिली रायफल धरू: नळीसारखी २०० सीसीची टाकी, २०० बारला भरायची, १०० ला परत भरायची. ०.२ गुणिले १०० म्हणजे २० लिटर. दुसरी रायफल: ४८० सीसीची बाटली, २५० बारला भरायची, १३० ला परत. ०.४८ गुणिले १२० म्हणजे जवळपास ५८ लिटर. दिसायला दोन्ही रायफलीच, पण दुसरीची भूक तिप्पट आहे आणि तिला दाबही जास्त हवा. या दोघींना एकच साधन सुचवणाऱ्याचा सल्ला ऐकू नये.

२० लिटर हवेत नेम किती मिळतील ते शक्तीवर, म्हणजे छर्रा किती ज्यूल ऊर्जेनं सुटतो त्यावर ठरतं. १६ ज्यूलच्या सौम्य रायफलीत साठ-सत्तर सहज निघतात, ४० ज्यूलच्या रायफलीत पंचवीस-तीस. आठवड्याला किती छर्रे झाडता त्याला या आकड्यानं भागलं की आठवड्याच्या भरण्या कळल्या.

## हातपंप: स्वस्त आणि स्वतंत्र, पण टाकी लहान असेल तरच

पीसीपीचा हातपंप सायकलच्या पंपासारखा दिसतो, पण आत तीन टप्पे असतात. पहिला दट्ट्या बाहेरची हवा थोडी दाबतो, दुसरा तीच आणखी दाबतो, आणि पेन्सिलीसारखा बारीक तिसरा ती शेवटच्या दाबाला नेतो. ३०० पट दाबायचं काम तीन टप्प्यांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सातपट येतं, म्हणून ते माणसाच्या अंगबळावर जमतं.

पहिल्या रायफलीच्या २० लिटरला, पंपाच्या घडणीप्रमाणे, शंभराच्या आसपास फेऱ्या लागतात. दहा-बारा मिनिटांचं काम, हरकत नाही. दुसऱ्या रायफलीला तीनशेच्या वर, आणि त्यातल्या शेवटच्या फेऱ्या २०० ते २५० बारच्या पट्ट्यात, जिथे दांडा खाली न्यायला पूर्ण अंग टाकावं लागतं. त्या रायफलीसाठी हातपंप घेऊ नका. दोन आठवड्यांत तो कोपऱ्यात उभा राहील आणि त्याच्याशेजारी रायफलही.

पंप मारायची रीत आहे. दांडा पार वरपर्यंत ओढायचा. खाली येताना कोपर ताठ ठेवून दंडाऐवजी शरीराचा भार टाकायचा. खाली टेकल्यावर एक-दोन सेकंद थांबायचं, म्हणजे दाबलेली हवा शेवटच्या झडपेतून पुढे सरकायला वेळ मिळतो. अर्धवट, घाईच्या फेऱ्या मारल्या तर श्रम होतात आणि काटा हलत नाही, कारण टप्प्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतली हवा नुसती दबते आणि परत फुगते. पाचेक मिनिटांनी थांबून पंपाचा खालचा भाग हाताला थंड लागेपर्यंत विश्रांती द्या. गरम पंप तसाच रेटला तर आतल्या ओ-रिंगा, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, मऊ होऊन फाटतात.

बिघाडाची दोन लक्षणं ओळखून ठेवावीत. दांडा खाली नेऊन सोडला आणि आपोआप वर येऊ लागला, तर शेवटची एकमार्गी झडप गळतेय आणि हवा मागे येतेय. दांडा एकदम हलका झाला आणि काटा जागेवर थिजला, तर अलीकडच्या टप्प्यातली रिंग गेली किंवा तिथे कचरा अडकला. दोन्ही दुरुस्त होतात, म्हणून सुट्या रिंगांचा संच मिळतो असाच पंप निवडा.

## सिलिंडर: आकारापेक्षा दाब महत्त्वाचा

गच्चीवरच्या टाकीतून खालच्या टाकीत पाणी कसं उतरतं ते डोळ्यासमोर आणा. दोन्हींची पातळी सारखी झाली की नळ उघडा असला तरी पाणी थांबतं. सिलिंडरमधून रायफलीत हवा याच नियमानं जाते. सिलिंडरमध्ये २१० बार असेल तर रायफल जेमतेम २१० पर्यंत जाईल, मग सिलिंडर कोठीएवढं असलं तरी. म्हणून विकत घ्यायची असते ती वरच्या दाबाची पट्टी, म्हणजे रायफलच्या कमाल दाबाच्या वर सिलिंडरमध्ये जेवढा दाब आहे तेवढीच. तिच्या खाली हजारो लिटर हवा शिल्लक असते, पण ती रायफल पूर्ण भरू शकत नाही.

आकड्यांत बघू. पाणबुड्यांचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचं, १२ लिटरचं २३२ बारचं सिलिंडर पहिल्या रायफलीला जोडलं. २३२ वजा २०० म्हणजे ३२ बारची पट्टी. १२ गुणिले ३२ म्हणजे ३८४ लिटर. भागिले २० म्हणजे १९ भरण्या. त्यानंतर रायफल १९८, १९६ अशी थोडी थोडी कमी भरू लागेल. दुसऱ्या रायफलीला २५० हवेत, तेव्हा हे सिलिंडर तिला एकदाही पूर्ण भरणार नाही.

आता ६.८ लिटरचं, ३०० बारचं कार्बन फायबरचं सिलिंडर घ्या. आकारानं जवळपास निम्मं. पहिल्या रायफलीला १०० बारची पट्टी मिळते: ६८० लिटर, सूत्रानं ३४ भरण्या. दुसरीला ५० बारची पट्टी, सहाच्या जवळ भरण्या. वजनात तर फरक फारच: हे रिकामं चारेक किलो, पोलादी १२ लिटरचं चौदा-पंधरा.

इथे एक खाच आहे, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वरचं सूत्र २०० बारपर्यंत ठीक चालतं. त्यापुढे हवेचे रेणू इतके दाटीनं बसलेले असतात की आणखी दाबून घ्यायला ते मानतच नाहीत. ३०० बारच्या सिलिंडरमध्ये सूत्र सांगतं त्याहून सुमारे दहा टक्के हवा कमी मावते, आणि हा तोटा नेमका आपल्या कामाच्या वरच्या पट्टीत होतो. म्हणून ३४ ऐवजी अठ्ठावीस आणि सहाऐवजी पाच धरा. शिवाय दरवेळी नळीतली थोडी हवा सोडून द्यावी लागते, तीही यातूनच जाते. नळी बारीक छिद्राची आणि आखूड असेल तर हा अपव्यय नगण्य राहतो.

सिलिंडर घेण्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी. पहिली, ते ३०० बारला कुठे भरून मिळेल? पाणबुड्यांची केंद्रं भरून देतात, पण अनेकांकडे २३२ चीच सोय असते. ३०० चं सिलिंडर २३२ ला भरून आणलं तर सगळा हिशेब कोसळतो. दुसरी, त्याची तपासणी. सिलिंडरच्या खांद्यावर निर्मितीची तारीख, कामाचा दाब आणि चाचणीचा दाब कोरलेला किंवा लेबलवर छापलेला असतो. पाण्यानं दाब देऊन करायची चाचणी अनेक देशांत दर पाच वर्षांनी बंधनकारक आहे, आणि कार्बन फायबरच्या बऱ्याच सिलिंडरांचं आयुष्यच १५ वर्षं ठरवलेलं असतं. तेरा वर्षांचं सिलिंडर स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका. खांद्यावर काहीच कोरलेलं नसेल तर ते फुकटही नको. ६.८ लिटर ३०० बारला भरलेलं असताना आत जी ऊर्जा कोंडलेली असते, ती १,२०० किलोची मोटार ताशी नव्वद किलोमीटरनं धावत असताना तिच्यात असते जवळपास तेवढी.

## कॉम्प्रेसर: बटण दाबलं की झालं?

बाजारात दिसणारे लहान १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर दोन टप्प्यांचे असतात. ३०० पट दोन टप्प्यांत म्हणजे प्रत्येकाला सतरापट. हवा दाबली की तापते. थंड व्हायला वावच नाही असं धरलं तर सहा-सातपट दाबलेली हवा २३० अंशांच्या आसपास जाते आणि सतरापट दाबलेली ३८० च्याही पुढे. प्रत्यक्षात धातू बरीच उष्णता शोषून घेतो, पण या यंत्रांना पंखा किंवा पाण्याचा फेरा का लागतो आणि ती लवकर का झिजतात, याचं मूळ इथे आहे.

म्हणून सलग किती मिनिटं चालवायचं आणि किती थांबायचं हे निर्माता सांगतो, ते शब्दशः पाळा. लहान यंत्र रायफलची टाकी भरायला ठीक आहे. त्यानं सिलिंडर भरायला जाणं म्हणजे सुईनं विहीर खणणं. बहुतेक लहान यंत्रं अर्ध्या लिटरच्या पुढची टाकी भरू नका असं स्पष्ट सांगतात.

विजेचा हिशेबही बघा. २५० ते ३०० वॅटचं यंत्र १२ व्होल्टवर २० ते २५ अँपियर ओढतं. मोटारीतल्या सिगारेट लायटरच्या खोबणीचा फ्यूज सहसा १० ते १५ अँपियरचा असतो; तिथे लावलं की फ्यूज उडणार. चिमटे थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं, किंवा योग्य क्षमतेचा वीजपुरवठा वापरायचा.

ठरलेल्या दाबाला आपोआप बंद होणारे कॉम्प्रेसर सोयीचे आहेत, पण 'आपोआप' या शब्दावर विसंबून चहाला जाऊ नका. त्या बंद करणाऱ्या काट्यात बिघाड झाला तर पुढचा आधार फक्त फुटचकतीचा, म्हणजे ठरावीक दाबाला स्वतः फुटून हवा सोडणाऱ्या पातळ पत्र्याच्या चकतीचा. ती नाही असं यंत्र घेऊच नका. आणि ती वारंवार फुटते म्हणून जाड चकती बसवणं हा मूर्खपणा आहे.

सिलिंडर घरीच भरायचं असेल तर पाण्यानं थंड होणारा मोठा किंवा तीन-चार टप्प्यांचा कॉम्प्रेसर लागतो. तिथे तेलाची पातळी, पाण्याचं तापमान आणि गाळण्या बदलायच्या तासांची नोंद ठेवावी लागते. एकट्यादुकट्यासाठी हा घाट मला नको तेवढा वाटतो. चार-पाच जणांनी मिळून एक घेतला आणि एकानेच सांभाळला, तर त्याला अर्थ आहे.

## खरा शत्रू पाणी

या विषयात सगळ्यात कमी बोललं जातं ते पाण्याबद्दल. ३० अंश तापमानाच्या, ७० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. हवा दाबली की तिला ते धरून ठेवायला जागा उरत नाही, आणि दवासारखं ते आतच गळतं.

पहिल्या रायफलीच्या २० लिटरच्या भरणीत ०.४ ग्रॅम, म्हणजे आठेक थेंब. बारा लिटरचं सिलिंडर न गाळलेल्या हवेनं २३२ बारपर्यंत भरलं तर जवळजवळ ५८ ग्रॅम, म्हणजे मोठे चार चमचे पाणी आत! पोलादी सिलिंडर आतून गंजतं, रायफलीच्या झडपेवर पांढुरका किंवा तपकिरी थर बसतो, आणि एके दिवशी बारीक सूं आवाज ऐकू येऊ लागतो.

उपाय दोन थरांचे. कॉम्प्रेसरला आधी पाणी-तेल वेगळं करणारा कप्पा हवा आणि तो दर काही मिनिटांनी झडप उघडून रिकामा करायचा. फसकन तुषार उडतात तेच ते पाणी. त्यानंतर वाफ शोषणारी गाळणी, जिच्यात मॉलिक्युलर सीव्हचे दाणे आणि सक्रिय कोळसा असतो. ही गाळणी उच्चदाबाच्या बाजूला हवी. यंत्राच्या तोंडाशी, हवा आत घेण्याच्या जागी सिलिका जेलची डबी लावली तरी थोडा फायदा होतो, पण दाणे भराभर संपतात. हातपंपाला दर पन्नासेक फेऱ्यांनी खालचा स्क्रू सैल करून ओल बाहेर काढा.

## जोडणीत फसगत: दोन आटे, एकसारखे दिसणारे

फिटिंगच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. अष्टमांश बीएसपी (ब्रिटिश मापाचा) आणि एम-१० बाय १ (मेट्रिक मापाचा) हे दोन आटे हातात घेतले तर जुळे वाटतात. पहिल्याचा व्यास ९.७३ मिलिमीटर, दुसऱ्याचा १०. पहिल्याचे दोन आटे ०.९०७ मिलिमीटर अंतरावर, दुसऱ्याचे १ मिलिमीटरवर. एक दुसऱ्यात दोन-तीन वेढे जातो, मग घट्ट होतो, आणि माणसाला वाटतं बसला. प्रत्यक्षात फक्त टोकाचे एक-दोन आटे अडकलेले असतात. दाब चढला की तो तुकडा गोळीसारखा सुटतो. बोटांनी सहज शेवटपर्यंत गेला नाही तर पाना लावूच नका. आटे मोजायची पट्टी लावून बघा.

सिलिंडरच्या तोंडाचंही तसंच. डीआयएन, म्हणजे जर्मन मानकाच्या पद्धतीत २३२ ची जोडणी आखूड असते आणि ३०० ची लांब. आखूड जोडणी ३०० च्या तोंडात बसूनही सील होत नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. रबरी कडेच्या वायसरवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नये. तिचे तुकडे सुटून झडपेत जातात.

## 'पण तेल घातलं तर?', 'पण ऑक्सिजन?', 'पण थोडा जास्त दाब?'

तेल: पेट्रोलजन्य तेल, ग्रीस, फवाऱ्याचं वंगण यातलं काहीही नको. दाबलेल्या तापलेल्या हवेत तेलाची वाफ डिझेल इंजिनासारखी पेट घेते. सिलिकॉन ग्रीस, तेही ओ-रिंगवर बोटाला जेमतेम लागेल एवढंच. कॉम्प्रेसरच्या पोटात त्याच्यासाठीच सांगितलेलं तेल.

ऑक्सिजन: कधीही, कुठल्याही कारणानं नाही. त्यात ग्रीसचा डागही स्फोटाला पुरतो. कोरडा नायट्रोजन मात्र तत्त्वतः चालतो, हवेत ७८ टक्के तोच आहे. पण त्याच्या सिलिंडरचं तोंड वेगळं असतं, आणि बंद खोलीत तो सोडणं घुसमटीला आमंत्रण आहे. कार्बन डायऑक्साइड २० अंशांना ५७ बारच देतो, त्याचा इथे उपयोग नाही.

जास्त दाब: रायफल २०० ची असेल आणि २३० भरली तर छर्रा जोरात जाईल असं वाटतं, होतं उलट. आतला दाब झडपेला इतका घट्ट रेटतो की हातोड्याला ती नीट उघडताच येत नाही, आणि छर्रा हळू जातो. दाब नियंत्रक नसलेल्या बऱ्याच रायफली तर १८०-१९० ला भरल्या की एकसारखे नेम देतात.

## भरताना

झडप किंचितच उघडा, काटा हळूहळू चढला पाहिजे. घाईनं भरलं की टाकी तापते. आतली हवा ५० अंशांना २०० बार दाखवत असेल तर २० अंशांना येईपर्यंत ती १८१ च्या आसपास उतरते, आणि लोक ती गळती समजून रायफल उघडतात. हवं तिथे पोचलं की आधी सिलिंडरची झडप बंद, मग नळीतली हवा सोडायचा स्क्रू सैल, आवाज पूर्ण थांबला की मगच जोडणी काढायची. हा क्रम उलटला तर दाब भरलेली नळी चाबकासारखी उडते.

पूर्ण रिकामी झालेली रायफल कधीकधी हवा धरतच नाही, भराल तेवढी, छर्रा जिथून सुटतो त्या रायफलीच्या नळीच्या तोंडातून निघून जाते. हातोडा झडपेवर टेकलेला असतो आणि आत दाब नसल्यानं झडप बंद राहत नाही. अशा वेळी, निर्मात्याची मनाई नसेल तर, छर्रा न घालता कॉक करा, म्हणजे हातोडा मागे ओढून अडकवा, आणि नेम धरतो तशी सुरक्षित दिशेला रोखून भरा. हे टाळायचं असेल तर रायफल ठेवून देताना टाकीत शंभरेक बार राहू द्या. भरून तासाभरानं, थंड झाल्यावर, गेजचा आकडा कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी ताडून बघा. खरी गळती असेल तर ती त्या दोन आकड्यांत दिसते.